अण्णासाहेब कर्वे : एका कामाला वाहिलेले आयुष्य

(द्वितीय वर्ष कला)

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आपण सर्वांनी शाळेतच ऐकलेले असते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, महिला विद्यापीठ काढले, भारतरत्न मिळाले, शंभरी ओलांडली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पाच गुणांसाठी एवढे पुरते. पण यंदा ग्रंथालयातून अण्णांचे ‘आत्मवृत्त’ आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे ‘माझे पुराण’ ही दोन पुस्तके मी लागोपाठ वाचली, आणि मनात वेगळाच विचार आला. अण्णांनी काय केले हे आपण सांगतो. ते करता यावे म्हणून त्यांनी काय काय केले नाही, कशाकशाला नकार दिला, हे मात्र कोणी सांगत नाही. मला वाटते, त्यांच्या चरित्राची खरी किल्ली त्या नकारांत आहे. म्हणून हा लेख.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. घराणे एके काळचे खातेपिते असले तरी अण्णांच्या वाट्याला गरिबीच आली. स्वभाव अतिशय भिडस्त. चार माणसांत बोलायचे म्हटले की घाम फुटणारा हा मुलगा. इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी १८७५ साली तो मुरूडहून साताऱ्याला निघाला. वाहन नव्हते. सोबत्यांबरोबर पावसापाण्यातून कुंभार्ली घाट चढून शंभराहून अधिक मैलांची पायपीट केली. परीक्षेला सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. ती झालेली होती; पण मुलगा दिसायला इतका लहान, की परीक्षकांनी वयाबद्दल शंका घेऊन त्याला बसू दिले नाही. आल्या पावली परत. आपल्यापैकी कित्येकांनी एवढ्यावर शिक्षणाला रामराम ठोकला असता. अण्णा मात्र पुढे मुंबईला गेले, तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी. ए. झाले.

मुंबईत त्यांचा चरितार्थ शाळांतील नोकरी आणि पहाटेपासूनच्या शिकवण्या यांवर चाले. मिळकत बरी होती. त्याच काळात त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला : कमावलेल्या प्रत्येक रुपयामागे एक पैसा बाजूला काढायचा आणि तो गावाच्या उपयोगी लावायचा. हाच मुरूड फंड. रक्कम लहान, पण नियम पक्का. पैसा हातात आला की आधी त्याची वाटणी, मग खर्च. पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज या एका पैशात दिसते.

१८९१ साली त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. (संततिनियमनाचा प्रचार करणारे व ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे ते हेच.) त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांचे बोलावणे आले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि फर्ग्युसन कॉलेजला गणिताचा प्राध्यापक हवा होता. मुंबईची कमाई सोडून, आजीव सदस्याचे माफक वेतन पत्करून अण्णा पुण्याला आले. १९१४ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तिथे गणित शिकवले.

त्या वेळी विधुर पुरुषाने दहा-बारा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न करणे यात कोणाला वावगे वाटत नसे. पण लहान वयात वैधव्य आलेल्या मुलीने जन्मभर केशवपन करून कोपऱ्यात बसायचे. अण्णांनी ठरवले की लग्न करायचे तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी आपले मित्र नरहरपंत जोशी यांची बालविधवा बहीण गोदूबाई हिच्याशी पुण्यात विवाह केला. गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई. घरात सगळे त्यांना बाया म्हणत. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नाची बातमी मुरूडला पोहोचली आणि गावाने बहिष्कार घातला. कर्व्यांशी कोणी व्यवहार ठेवायचा नाही, घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरही वाळीत, असा ठराव झाला. ज्या गावासाठी रुपयामागे पैसा काढून ठेवला त्याच गावात जाऊन सख्ख्या आईपासून वेगळे राहण्याची पाळी आली. अण्णांनी भांडण केले नाही, कोर्टकचेरीही केली नाही. आणि मुरूड फंडही मोडला नाही!

इथपर्यंतची हकीकत धाडसी सुधारकाची आहे. पुढची हकीकत मला अधिक विचार करायला लावते.

१८९३ च्या अखेरीस अण्णांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. फिरून, माणसे भेटून काम सुरू केले. १८९५ मध्ये मंडळीचे नाव बदलून विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी असे ठेवले. नावातला हा बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे. लग्नाला उत्तेजन द्यायचे हा एक दावा. ज्यांना करायचे आहे त्यांच्या वाटेतली धोंड दूर करायची हा वेगळा, आणि पेलता येईल एवढा दावा. पण एवढ्यानेही भागेना. लग्ने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होत. शिवाय अण्णांना कळून चुकले, की विधवेचे दुसरे लग्न हा अनेक वाटांपैकी एक मार्ग. तिच्या हातात विद्या नसेल तर ती नवऱ्याच्या नाही तर भावाच्या, दिराच्या आश्रयाला बांधलेली राहणारच. तेव्हा शिक्षण हेच खरे काम.

१४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष होते. अण्णांनी आपल्या शिलकीतले एक हजार रुपये दिले. आणि त्याच वेळी त्यांनी एक रेघ आखली. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही. इथे विधवा मुलींना शिकवायचे, पायावर उभे करायचे, बस्स. पुढे काही वर्षांत पुनर्विवाहाच्या मंडळीचे चिटणीसपदही त्यांनी सोडले.

यावर सुधारक मंडळी नाराज झाली. स्वतः विधवेशी लग्न केलेला माणूस त्या विषयावर गप्प कसा? हा भित्रेपणा नव्हे काय? सनातन्यांचा विश्वास तर आधीपासूनच नव्हता. म्हणजे दोन्हीकडून बोलणी. अण्णांचा हिशेब मात्र गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल असा होता. मुलगी आश्रमात यायची तर तिच्या बापाने, भावाने, सासऱ्याने तिला पाठवले पाहिजे. इथे गेली की हिचे दुसरे लग्न लावून देतील अशी धास्ती त्यांना वाटली, तर एकही मुलगी उंबरठा ओलांडणार नाही. दोन कामे एका छपराखाली ठेवली तर दोन्ही बुडतील. म्हणून त्यांनी एक निवडले. पुनर्विवाहाबद्दलचे त्यांचे मत बदलले नव्हते. त्यांचे घरच त्याची साक्ष देत होते.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले होते. गावात प्लेगची भीती, आणि गावाबाहेर रान. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी काट्याकुट्यांतून, पावसाळ्यात चिखल तुडवत, आश्रमासाठी लागणाऱ्या जिनसा बरोबर घेऊन हिंगण्याची वाट धरायची, असा अण्णांचा क्रम कित्येक दिवस चालला. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव दौरे. भिडस्त माणूस, पण आश्रमासाठी दारोदार हात पसरायला त्याला संकोच वाटेनासा झाला. राजकारणाचा तो धामधुमीचा काळ. सगळे पुणे जहाल आणि मवाळ यांत विभागलेले. अण्णांच्या ओळखी दोन्हीकडे होत्या, पण ते त्या रणात उतरले नाहीत.

आता या रेघेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती सांगितली नाही तर हे चरित्र नुसते स्तोत्र होईल.

पहिली किंमत आनंदीबाईंनी मोजली. विधवेशी लग्न करून समाजाचा रोष ज्या दोघांनी पत्करला, त्यांपैकी एकालाच आश्रमात जागा होती. बाया पुनर्विवाहित, त्यांचा वावर दिसला तर लोक मुली पाठवणार नाहीत, म्हणून सुरुवातीच्या काळात त्यांना आश्रमाच्या कामापासून दूर राहावे लागले. त्यांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, वर्गणीसाठी पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. बाया पुण्यात संसार ओढत राहिल्या. अण्णांनी शिल्लक दिली, विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. मुलांचे उद्या काय, हा प्रश्न बायांनी विचारला तर त्यात त्यांचे काय चुकले? ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी हे सारे सरळ, रोखठोक सांगितले आहे. कडवटपणा नाही, पण लपवाछपवीही नाही. ते पुस्तक वाचल्यावर अण्णांचा त्याग असे म्हणताना माझी जीभ अडखळते. तो त्याग दोघांचा होता, आणि त्यातला एक न विचारता घेतलेला होता.

दुसरी किंमत त्यांनी मोजली, ज्या उंबरठ्याबाहेरच राहिल्या. सुरुवातीला आश्रमात ब्राह्मण विधवांनाच प्रवेश होता. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपली बहीण जनाक्का हिला तिथे ठेवून घेण्याची विनंती केली, तेव्हा ती ब्राह्मणेतर म्हणून प्रवेश मिळाला नाही. कारण तेच : वर्गणीदार बिथरतील, आहेत त्या मुलीही जातील. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातच १८४८ साली मुलींची शाळा सुरू करून जातीची भिंत कशी ओलांडायची ते दाखवले होते. त्यानंतर पन्नास वर्षांनी ही अट होती. मी ज्या घरातून आले त्या घरातल्या माझ्या पणजीला हिंगण्याच्या झोपडीत जागा मिळाली नसती. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. दोन दिवस पुन्हा उघडले नाही.

पुन्हा उघडले ते बरे झाले. कारण पुढच्या पानांत रेघ सरकताना दिसते. १९०७ साली कुमारिकांसाठी महिला विद्यालय निघाले. मुलींची लग्ने लांबावीत, त्या शिकाव्यात, हा हेतू. १९०८ साली निष्काम कर्म मठ : या कामाला आयुष्य देणारी माणसे तयार करण्यासाठी. मग जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका अण्णांच्या हाती पडली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपल्याकडेही असे विद्यापीठ हवे ही कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही केले. वय वर्षे अठ्ठावन्न! पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी. डॉ. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. पदव्यांची नावेसुद्धा आपल्या भाषेतली : गृहीतागमा, प्रदेयागमा.

इथेही रेघ होतीच. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा राहील. इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा. सरकारी मान्यता नाही, म्हणून पदवीला नोकरीच्या बाजारात भाव नाही. अण्णा तरी माध्यम बदलायला तयार झाले नाहीत. महात्मा गांधींना मातृभाषेचे तत्त्व पूर्ण मान्य होते, पण इंग्रजीची सक्ती मान्य नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाचे मन राखावे म्हणून कोणी सक्ती काढून टाकली असती. अण्णांनी नम्रपणे आपले म्हणणे कायम ठेवले. गांधीजींनी मतभेद असूनही वर्षाला दहा रुपयांची वर्गणी दिली. मला हा प्रसंग दोघांच्याही मोठेपणाचा वाटतो.

पण प्रत्येक गोष्टीत हट्ट नव्हता. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला द्यायचे आणि मुख्य ठाणे मुंबईला न्यायचे, अशा अटी होत्या. अण्णांनी त्या स्वीकारल्या. विद्यापीठाला नाव कोणाचे द्यायचे, ते कोणत्या शहरात असायचे, हे कामाच्या मुळाशी नव्हते. मुलींनी आपल्या भाषेत शिकणे हे मुळाशी होते. कुठे वाकायचे आणि कुठे नाही, हा विवेक ज्याला असतो त्याचीच रेघ टिकते. १९५१ साली त्या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली, आणि ती पाहायला अण्णा हयात होते.

निवृत्तीनंतरही रेघ सरकत गेली. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा उघडायच्या. महिना सत्तर रुपयांच्या निवृत्तिवेतनातून पंधरा रुपये स्वतः द्यायचे आणि बाकीच्यांसाठी पुण्याच्या रस्त्यांतून झोळी फिरवायची. १९४४ साली समता संघ : माणसामाणसांतले उच्चनीच जावे म्हणून. ज्या माणसाला चाळिशीत जातीची अट काढता आली नाही, तो शहाऐंशीव्या वर्षी समतेचे नाव घेऊन उभा राहिला. उशीर झाला हे खरे. पण बहुतेक माणसे शहाऐंशीव्या वर्षी होती तिथेच असतात.

मी हे सारे इतके मनावर का घेतले, तेही थोडक्यात सांगते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आई-वडील रोजंदारीवर जातात. वस्तीत लिहितावाचता येणारी माणसे आहेत, पण अर्ज भरायचा म्हटले की सगळे आमच्या दाराशी. रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, दवाखान्यातला केसपेपर, सातबाऱ्यासाठी तालुक्याची खेप. वर लग्नसराईत कोणाकडे तरी राबायला जायचे. ही माणसे परकी नव्हेत. यांतल्याच एका काकूंनी माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी पदरचे पैसे काढून दिले होते. त्यांना नाही कसे म्हणायचे? आणि नाही म्हटले नाही, तर इतिहासाचे पुस्तक उघडायचे कधी? मला इतिहासात एम. ए. करायचे आहे, शिकवायचे आहे. वस्तीतल्या दहा जणींनी माझ्यामागून यावे अशी इच्छा आहे. मीच मधे थांबले तर त्या यायच्या कशा?

माझ्यासारखे अनेक जण या कॉलेजात आहेत हे मला ठाऊक आहे. शिकलेल्या पहिल्या माणसावर सगळ्यांचा हक्क असतो, आणि तो खोटा हक्क नसतो. म्हणूनच अण्णांच्या चरित्राने मला दोन गोष्टी शिकवल्या. नकार द्यावा लागतो. मन कठोर आहे म्हणून नव्हे, तर हाती घेतलेले काम अर्ध्यावर राहू नये म्हणून. आणि नकार देण्याआधी रेघेच्या बाहेर कोण उभे राहणार ते पाहावे, त्याच्याशी बोलावे. पहिली गोष्ट अण्णांनी शिकवली, दुसरी बायांनी. मी आता रविवारची सकाळ सगळ्यांच्या अर्जांसाठी ठेवली आहे. रोजची संध्याकाळ मात्र माझ्या पुस्तकांची. हे ठरवताना आईला शेजारी बसवून घेतले, कारण वस्तीतली बोलणी तिलाच ऐकावी लागणार. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग काकूंना आपण स्वतः सांगायला गेली.

आनंदीबाई १९५० साली गेल्या. अण्णांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला, तेव्हा ते एकशे चार वर्षांचे होते. एवढे दीर्घ आयुष्य क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. पण त्या आयुष्याने एवढे काम दिले ते केवळ लांबीमुळे नव्हे. साताऱ्याहून परत पाठवलेला, चार माणसांत बोलायला भिणारा एक मुलगा आपली शक्ती किती ते ओळखून होता. त्याने ती चार ठिकाणी सांडू दिली नाही. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापाशी तर शक्ती त्याहूनही थोडी आहे. ती कुठे लावायची आणि कुठे लावायची नाही, एवढे तरी आपण वेळेवर ठरवू या.